सळई आत गेली

मी एक सळई बोलतेय. सळई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बांधकामावरची गंजकी, वाकडी सळई आली असेल, तर ती आधी पुसून टाका. तिचा आणि माझा काही संबंध नाही. मी पोलादाची आहे. हातभर लांब, करंगळीहून बारीक, टोकाला निमुळती, आणि मागे लाकडाची मूठ. आयुष्यात मी एकच काम केलं: टोचलं. जमिनीला टोचलं, पोत्यांना टोचलं, रस्त्यांना टोचलं, आणि सगळ्यात जास्त माणसांना टोचलं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवते.

माझा जन्म लष्कराच्या कारखान्यातला. भट्टी, घण, तेलाचं पिंप, पुन्हा भट्टी. एका खोक्यात आम्ही चाळीस जणी निघालो. शेजारच्या खोक्यांत बंदुका होत्या. त्या आमच्याकडे बघून नाक मुरडायच्या, ‘ह्या कसल्या लढणार!’ मी तेव्हाच ठरवलं, यांच्या तोंडी लागायचं नाही. बंदूक लांबून मारते. आम्हाला मरणाच्या अगदी कुशीला जाऊन हात लावायचा होता.

शत्रूने जमिनीत सुरुंग पुरून ठेवलेले असत. वर पाय पडला की संपलं. ते शोधून काढायचं काम आमच्या तुकडीचं. गुडघे टेकायचे, मला तिरकं धरायचं आणि चार-चार बोटांच्या अंतरावर हळूच मातीत सरकवायचं. तिरकं का, तर सुरुंगाची कळ त्याच्या डोक्यावर असते. वरून सरळ टोचलं तर मी थेट कळीवर जाणार. तिरकी गेले तर त्याच्या अंगाला लागणार, टक् असा आवाज येणार, आणि सगळे जिवंत राहणार. म्हणून आमच्यात नियम एकच होता: उभ्याने टोचायचं नाही. गुडघे टेकल्याशिवाय सळई जमिनीला लावायची नाही.

ज्याच्या हातात मी पडले तो शेतकऱ्याचा मुलगा होता, पंचविशीतला. मूठ धरल्याबरोबर मला फरक कळला. बाकीचे शिपाई मला घाबरून घट्ट आवळायचे. याचा हात मातीला सरावलेला होता. ढेकूळ कुठलं, मुळी कुठली, उंदराचं बीळ कुठलं, हे त्याला माझ्यातून लगेच समजायचं. तुकडीतले चिडवायचे, “अरे, युद्धाला आलायस की पेरणीला?” तो म्हणायचा, “पेरून गेलेत दुसरे. मी काढणीला आलोय.”

एकदा विहिरीकडे जाणारी वाट साफ करायची होती. तिथले लोक तीन दिवस पाण्यावाचून बसले होते. मोठे साहेब गाडीतून उतरले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “या वेगाने दिवस जाईल. उभा राहा आणि भराभर उरक.” माझा मालक गुडघ्यांवरच होता. मान वर न करता तो म्हणाला, “साहेब, उभ्याने करायचं असेल तर ही घ्या सळई, तुम्ही करा. मी तोवर तुमच्या गाडीत बसतो.” सगळे गार पडले. साहेब लालबुंद झाले, पण त्यांनी मला काही हातात घेतलं नाही. शिक्षा म्हणून मालकाची सुट्टी गेली. वाट मात्र साफ झाली आणि बायका घागरी घेऊन तिच्यावरून धडधाकट चालत गेल्या.

आमच्या जोडीला एक उंच शिपाई होता, त्याला सगळे लंबू म्हणायचे. लाख माणूस. पाठ दुखायची बिचाऱ्याची. एका दुपारी तो म्हणाला, “दोन विती तर राहिल्यात,” आणि उठला, आणि ओणवं होऊन वरूनच टोचलं. पुढचं मी सांगत नाही. त्याची सळई, माझ्याच खोक्यातली माझी बहीण, मला नंतर दिसली. वाकून तिची दोन्ही टोकं एकमेकांना टेकली होती. मालक त्या दिवशी जेवला नाही. नुसता बसून मला पुसत राहिला.

युद्ध संपलं. सगळ्यांनी आपापलं सामान कोठारात जमा करायचं होतं. कोठीवाल्याने यादीवर बोट ठेवून विचारलं, “सळई?” मालक म्हणाला, “हरवली.” आता मी त्याच्या मोज्यात खोचलेली, मूठ बाहेर आलेली, चांगली दिसतेय! कोठीवाल्याने एकदा मोज्याकडे बघितलं, एकदा मालकाच्या तोंडाकडे, आणि लिहिलं, ‘हरवली’. देव त्याचं भलं करो.

मग शेती. युद्धातून आलेली बरीच माणसं नुसती आठवणी सांगत बसतात. मालकाने तसलं काही केलं नाही. गावात त्याचं नाव ‘फौजी’ पडलं, तेवढाच काय तो युद्धाचा पुरावा. दुसऱ्या दिवशी शेतात. पेरणीआधी मला मातीत खुपसायचं, काढून बोटाने चाचपायचं, ओल किती खोल आहे ते बघायचं. गवताची गंजी आतून तापलीय का, ते बघायला मला गंजीत घालून ठेवायचं आणि मग काढून मनगटाला लावायचं. शेजाऱ्याची गंजी एका वर्षी आतल्या आत पेटून खाक झाली. आमची कधी पेटली नाही.

लग्न झालं. मालकीणबाई आल्या तशा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उचललं आणि चुलीचं धुराडं साफ केलं. मी काजळीने काळीठिक्कर! माझा नुसता संताप झाला. मालक घरी आला, बघितलं आणि म्हणाला, “अगं, ही लढाईतली आहे.” त्या म्हणाल्या, “मग? धुराड्याशी लढाई नसते काय? या तुम्ही, करून बघा.” तेव्हापासून मला त्या आवडायला लागल्या.

तीसेक वर्षं अशी गेली. पोरं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली. मी दाराच्या चौकटीमागे खिळ्याला टांगलेली असायचे. राजकारण म्हणजे काय, हे ना मला ठाऊक होतं, ना मालकाला.

ते घरात आलं ते एका रस्त्यामुळे. गावात डांबरी रस्ता झाला. काळाभोर, तुकतुकीत. महिनाभरात कडेने सोलायला लागला. मालक एके सकाळी मला घेऊन गेला, भररस्त्यात गुडघे टेकले आणि टोचलं. वरचं डांबर दोन बोटांचं, त्याखाली ना खडी ना काही, सरळ माती. मी मुठीपर्यंत आत गेले. गावसभेत तो उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, “सळई आत गेली.”

तेव्हाचे सरपंच हसले. “फौजी, एवढं पोटात दुखत असेल तर निवडणुकीला उभे राहा. बाहेरून टोचायला काय जातंय?”

“राहतो की,” मालक म्हणाला.

मालकीणबाईंनी घरी आल्यावर खरपूस समाचार घेतला. “साठी आली. आता नातवंडं खेळवायची सोडून हे काय खूळ?” पण दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांच्या आधी घरोघरी मतं मागायला निघाल्या. गावच्या शाळेतले मास्तर मदतीला आले. मास्तर हुशार, बोलायला गोड, अक्षर मोत्यासारखं. भाषणं तेच लिहून द्यायचे. मालक ती खिशात ठेवायचा आणि मला हातात धरून आपल्या मनचं बोलायचा. निवडून आला. दणक्यात आला.

पहिली तीन वर्षं काय सांगू! शाळेची भिंत टोचली, परत बांधून घेतली. धान्याची पोती टोचली, आतून भुसा निघाला, गाडी जशीच्या तशी परत पाठवली. पंचायतीचा कारकून मला लांबून बघितलं तरी ओरडायचा, “फौजी येतायत, पोटं आत घ्या!” ‘सळई आत गेली’ हे गावात बोलणंच होऊन बसलं. कुणाचा नवरा कामाला जातो सांगून पत्ते कुटताना सापडला, की बायको कंबरेवर हात ठेवून म्हणायची, “सळई आत गेली हो!” मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

चौथ्या वर्षी मालकाचे गुडघे गेले. खाली बसला की उठायला दोन माणसं लागायची. मास्तरांनी युक्ती काढली. सुताराकडून एक लांब काठी करून घेतली, तिच्या टोकाला खोबण, त्या खोबणीत माझी मूठ घट्ट बसवायची. म्हणजे सरपंचांना वाकायला नको, उभ्याउभ्या टोचता येईल. मालकाने काठी हातात घेतली, तोलून बघितली. मला वाटलं, फेकून देईल. त्याने फेकली नाही.

काठीतून हाताला काहीही समजत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं का? माझी मूठ त्याच्या तळव्यात असली की मला लागलेला खडा त्याला लागायचा. आता मधे चार हात लाकूड. मी खाली ओरडतेय आणि वर काही पोचत नाही, अशी गत. पण लोकांना काय! सरपंचांनी काठी उचलली, टोचलं, मान डोलावली, की टाळ्या. हळूहळू ते टोचणं कमी आणि टाळ्या जास्त झालं.

अशात तळ्याचा बांध पुरा झाला.

गावाच्या वरच्या अंगाला खोलगट जागा होती. तिला मातीचा उंच बांध घालून तळं करायचं, कालव्याचं पाणी त्यात साठवायचं आणि वरच्या शेतांना द्यायचं. तळ्याला दोन दारं. एक कालव्यातून पाणी आत घ्यायचं, दुसरं ओढ्याकडे सोडायचं. आणि बांधाच्या बरोबर खाली गावाची खालची आळी, चाळीस घरं. मातीचा बांध घालताना माती थराथराने टाकायची असते आणि प्रत्येक थर दाबून घट्ट करायचा असतो. ठेकेदाराने काम झपाट्याने उरकलं होतं. सरपंचांनी टोचून सही केल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, असं ठरलेलं होतं.

त्या दिवशी मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्या, दोनशे माणसं. मालक बांधाच्या माथ्यावर उभा. मी काठीच्या टोकाला. मी मनात म्हणतेय, आता हा मला खोबणीतून काढेल, बांधाच्या बाहेरच्या उतारावर जाईल, गुडघे टेकेल, तिरकं धरेल. तो जरासा वाकलाही. आणि थांबला. समोर दोनशे माणसं. निवडणूक दोन महिन्यांवर. खाली बसलो आणि उठता आलं नाही तर? म्हातारा झाला म्हणतील. हे मी मनाचं सांगत नाही. त्याने नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

त्याने उभ्याने, वरून, तीनदा टोचलं. माथ्यावरचा थर चांगला दाबलेला होता. मी चार बोटं गेले आणि अडकले. तीनही वेळा. मालक म्हणाला, “पक्कं आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने सही केली. मला तोंड असतं तर मी त्या दोनशे माणसांसमोर त्याची अब्रू काढली असती.

तळं भरत आलं. निवडणुकीला आठ दिवस राहिले होते, तेव्हा खालच्या आळीतली परटीण दारात येऊन उभी राहिली. तिचा कपडे धुवायचा दगड बांधाच्या पायथ्याशी होता.

“फौजीकाका, माझ्या दगडाखाली ओल आलीय. पाच-सहा दिवस झाले. आधी कधी नव्हती.”

ओसरीवर मास्तर आणि प्रचाराची चार माणसं बसली होती. त्यातला एक म्हणाला, “घरबसल्या पाणी मिळतंय, आणि वर तक्रार?” सगळे हसले. मालक हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तो भरदुपारी निघाला. मागून मालकीणबाई. “अहो, सावकाश! पडाल.” बांधाच्या बाहेरच्या उतारावर पोचल्यावर त्याने मला खोबणीतून उपसलं. काठी फेकून दिली. “मला खाली बसव,” तो म्हणाला. त्यांनी खांद्याला धरून त्याला गुडघ्यांवर बसवलं. कळ आली तसा तो कण्हला. मग कित्येक दिवसांनी त्याची बोटं माझ्या मुठीभोवती आली. मला रडू फुटायचं तेवढं राहिलं.

तिरकं धरलं. जोर लावला नाही. मी आत गेले. गेले, गेले आणि मूठ मातीला टेकली. कुठे काही लागलंच नाही. आत नुसती ढेकळं आणि पोकळी. बाहेर काढलं तर मी ओलीचिंब. त्याने सहा ठिकाणी टोचलं. सहाही ठिकाणी तेच.

“उठा आता,” मालकीणबाई म्हणाल्या.

“उभ्याने टोचलं गं मी,” तो म्हणाला. “गुडघे वाचवायला गेलो. लंबूला मी आयुष्यभर दोष दिला, त्याने घाई केली म्हणून. तो निदान एकटा मेला. मी चाळीस घरं...” तो लहान मुलासारखा रडला. मालकीणबाईंनी त्याला रडू दिलं. मग पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “झालं का? बरं. मग आता काय करायचं ते बोला.”

पंचायतीच्या खोलीत बैठक बसली. मास्तर, ठेकेदार, पंच, सगळे. मालकाने मला टेबलावर ठेवलं. माझ्यावरची माती त्याने मुद्दाम पुसली नव्हती. “मी चुकलो,” तो म्हणाला. “मी वरून टोचलं आणि सही केली. बांध आतून पोकळ आहे. तळं आजच रिकामं करायचं.”

एकच गिल्ला झाला. ठेकेदार म्हणाला, “थोडं पाझरणारच, मातीचा बांध आहे.” पंच म्हणाले, “वरच्या शेतातली पिकं वाळतील, लोक तुम्हाला फाडून खातील.” मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि गोड आवाजात समजावलं, “काका, खरं-खोटं नंतर बघू. मतदान आठ दिवसांवर आहे. तुम्ही पुन्हा निवडून आलात की दुसऱ्या दिवशी तळं रिकामं करा. आठ दिवसांत काय होतंय?”

मालक म्हणाला, “ठीक आहे. आठ दिवस थांबतो.”

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“फक्त आज संध्याकाळपर्यंत तुम्ही सगळ्यांनी आपापली बिऱ्हाडं खालच्या आळीत हलवा. बायका-पोरांसकट. मास्तर, तुम्ही परटिणीच्या शेजारी राहा. ठेकेदारसाहेब, तुम्ही अगदी पायथ्याला. मग आठ काय, पंधरा दिवस थांबतो.”

मालकाने मला उचललं, किल्ल्या घेतल्या, आणि तसाच लंगडत जाऊन ओढ्याकडच्या दाराचं चाक फिरवायला लागला. वरच्या शेतांतले लोक धावत आले. शिव्या घातल्या. त्याचा सख्खा थोरला भाऊ त्यांच्यात होता. “माझं पीक जळालं तर तुझं तोंड बघणार नाही,” तो म्हणाला. मालक चाक फिरवत राहिला. तीन दिवस ओढा दुथडी वाहिला. तळं रिकामं झालं.

आणि पुढे काय झालं, ठाऊक आहे? काहीच झालं नाही! बांध फुटला नाही. घर पडलं नाही. कोंबडीचं पिल्लूसुद्धा वाहून गेलं नाही. ठेकेदार बांधावर छाती काढून फिरला. “बघा, जागेवर आहे की नाही? म्हातारा भ्याला.” आता त्याला काय दाखवणार? सुरुंग काढून टाकल्यावर त्या वाटेने जाणारा माणूस तरी कुठे वळून बघतो? त्याला वाटतं, वाट अशीच होती. काही न होणं हेच आमचं काम असतं, आणि त्याला साक्षीदार मिळत नाही. मी होते, पण मला कोण विचारतो!

मालक पडला. निवडणुकीत सपाटून पडला. वरच्या शेतांनी मतं दिली नाहीत, ते समजण्यासारखं होतं. खालच्या आळीनेही दिली नाहीत. मला त्याचा इतका राग आला की काही विचारू नका. ज्यांच्यासाठी हा माणूस भावाला मुकला, त्यांनीच पाठ फिरवली! सोबतीला म्हणून आधीच अर्ज भरून ठेवलेले मास्तर आयत्या वेळी पुढे झाले आणि निवडून आले. मालकीणबाई म्हणाल्या, “बरं झालं. आता निदान वेळेवर जेवाल.” पण त्या दिवशी त्यांनी स्वतःचंही ताट तसंच झाकून ठेवलं.

ठेकेदाराने बांधाला बाहेरून नव्या मातीचा हात फिरवला. छान, गुळगुळीत. आणि मास्तरांनी जाहीर केलं, तळं पुन्हा भरायचं. तो दिवस म्हणजे आजचा दिवस.

सकाळपासून माणसं जमली होती. कालव्याच्या दाराचं चाक बांधाच्या टोकाला आहे. तिथे मास्तर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे, किल्ली हातात. मालक आला. माथ्यावर चढला नाही. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी गेला आणि मालकीणबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसला. लोकांत खसखस पिकली.

“काका, उठा,” मास्तर वरून म्हणाले. “लोक बघतायत. बरं दिसत नाही.”

“बघू देत,” मालक म्हणाला. “मी टोचायचं आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या, असं इतकी वर्षं चाललं. त्याच टाळ्यांपायी मी चुकलो. आज मी टोचणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायलाही आलो नाही. खालच्या आळीतल्या प्रत्येक घरातून एकाने यायचं, गुडघे टेकायचे आणि आपल्या हाताने टोचून बघायचं. मग खुशाल पाणी सोडा. तोवर मी इथून हलत नाही. चाक फिरवायचं असेल तर फिरवा, बांध फुटला तर पहिलं पाणी माझ्या अंगावर येईल.”

त्याने मला टोकाकडून धरलं आणि मूठ लोकांपुढे केली.

कुणी येईना. ऊन चढलं. कुणी म्हणालं, हट्टी म्हातारा. कुणी म्हणालं, पडला त्याचा राग. माझी मूठ तशीच हवेत. मालकाने हात खाली घेतला नाही. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्या एकदाच मोठ्याने म्हणाल्या, “मरणाची लाज वाटते ना गुडघे टेकायची? यांनाही वाटली होती. म्हणून तर हे झालं!”

मग परटीण पुढे आली. पदर खोचला, गुडघे टेकले. “कसं धरायचं, काका?”

“तिरकं. दाबायचं नाही. तीच सांगते.”

वरच्या नव्या मातीतून मी आत शिरले. दोन बोटं घट्ट. आणि मग काहीच नाही. मी मुठीपर्यंत गेले, तिचा हात मातीला टेकला. ती दचकली. पुन्हा काढलं, हातभर पलीकडे पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. तिने मान वर करून बांधाकडे बघितलं, मग खाली आपल्या घराकडे बघितलं. आणि असा काही आवाज लावला की अख्ख्या आळीला ऐकू गेला, “अहो, इकडे या! सासूबाई, तुम्हीपण या! आधी हात लावून बघा सगळे!”

रांग लागली. कुंभार आला, शिंपी आला, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या. प्रत्येकाच्या हातात मी आत गेले आणि प्रत्येकाच्या तोंडावरचा रंग उडाला. कुणी टाळी वाजवली नाही. ठेकेदार गर्दीतून काढता पाय घ्यायला लागला, तर कुंभाराने त्याचा दंड धरला, “साहेब, तुम्हीपण या की. तुमचंच काम आहे.” शेवटी मास्तर खाली उतरले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी चिखलात गुडघे टेकले, टोचलं, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी दाराची किल्ली मालकासमोर ठेवली आणि म्हणाले, “काका, बांध उकलून घेतो. पायापासून. प्रत्येक थराला आळीतली दोन माणसं उभी करतो.”

“उभी नको,” मालक म्हणाला. “बसलेली.”

आता लोक त्याला उठवायला धावलेत. दोघांनी काखेत हात घातलेत. तो ऐकत नाही. म्हणतो, “थांबा रे. अजून तीन घरं राहिलीत.”

म्हणून मी अजून इथेच आहे, बांधाच्या पायथ्याशी, ओल्या मातीने माखलेली. रांग हळूहळू सरकतेय, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घेतलं. माझी मूठ झिजली आहे, टोक बोथट झालंय, फार वर्षं राहिली नाहीत. मला कपाटात ठेवू नका. काचेच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका. माझ्या मालकाला थोर-बिर म्हणू नका, त्याला ते अजिबात चालणार नाही. आणि तुम्ही मागे काय उभे राहिलात हात बांधून? तुमचंही घर कुठल्या ना कुठल्या बांधाखालीच आहे की. या पुढे. ही घ्या मूठ. टेका गुडघे.